आधी गवत मोजा, मग ट्रॅक्टर: घाटपट्ट्यातल्या दोन ते पाच एकरांसाठी यंत्रांची पारख

मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड, दापोली. या पट्ट्यात हौसेने घेतलेली शेती बहुतेक एकाच ठशाची असते. दोन ते पाच एकर जमीन, त्यातली निम्मी उताराची, आंबा-काजूची पाच-सात वर्षांची झाडं, खाली एखादं भातखाचर, कोपऱ्यात शेतघर आणि मालक शनिवार-रविवारी येणार. यंत्र घ्यायचं ठरलं की शोरूममध्ये जी जोडी पुढे केली जाते ती ठरलेली आहे: मिनी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. ट्रॅक्टरचं पुढे बघू. पण रोटाव्हेटर हे या पट्ट्यातलं पहिलं अवजार नव्हे, आणि ही एक गोष्ट आधी पटली तर पुढची सगळी निवड बदलते.

ताम्हिणी, लोणावळा, दापोली या भागांत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. उतारावरच्या बागेत जूनच्या तोंडावर रोटर मारला की वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत होते आणि पहिल्या दोन जोरदार सरींत ओढ्याला लागते. खाली उरतो मुरूम. शिवाय आंब्या-काजूची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, ती रोटरच्या पात्यांनी तुटतात. अशा जागेवर वर्षभर पुन्हापुन्हा करावं लागणारं काम एकच, गवत. जुलैच्या मध्याला एक कापणी, ऑगस्टअखेर दुसरी, पाऊस सरताना बेणणी, आणि डिसेंबरात वणव्याच्या भीतीने कुंपणालगत दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करणं. माती उलथायची नाही, गवत कापून जागच्या जागी आच्छादन म्हणून पडू द्यायचं. त्यासाठी लागतो स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं, आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी गवत कापणारं अवजार. रोटाव्हेटर सपाट भाजीपाल्याच्या तुकड्याला आणि खाचराला लागतो, तोही वर्षातून दोन-तीनदा, आणि गावात तासाच्या भाड्याने मिळतो. चार फुटी स्लॅशर मात्र भाड्याने क्वचितच मिळतो. म्हणून जे मिळत नाही ते विकत घ्या.

दोन एकरांपर्यंत ट्रॅक्टर नकोच

एक एकर म्हणजे ४० गुंठे. दोन एकरांत घर, रस्ता, विहीर आणि झाडांची आळी वजा जाता कापायचं गवत उरतं पन्नास-साठ गुंठे. हे काम चांगला ग्रासकटर करतो. कोकणात ५२ सीसीची टू-स्ट्रोक यंत्रं जास्त दिसतात, कारण स्वस्त आणि जोरदार. पण महिन्यातून दोनदाच चालणाऱ्या यंत्रासाठी होंडाच्या जीएक्स३५ इंजिनाचा फोर-स्ट्रोक, म्हणजे यूएमके४३५, जास्त भरवशाचा. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं गणित नाही, गड्याकडून मिश्रण चुकण्याची भीती नाही. इंजिनात ऑइल मावतं जेमतेम १०० मिली, ते पहिल्या १० तासांनी आणि नंतर दर ५० तासांनी बदलायचं. इतकं कमी ऑइल असल्याने थोडं जरी कमी झालं तरी इंजिनाला लगेच झळ लागते, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी पातळी बघायलाच हवी.

ग्रासकटर बंद पडण्याचं हल्लीचं मोठं कारण पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. टाकीत महिनाभर राहिलं की कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा ताठर होतो, जेट तुंबतं आणि मग दोरी ओढून हात दुखतो पण यंत्र दाद देत नाही. रविवारी निघताना टाकी रिकामी करायची आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. ही दोन मिनिटांची सवय कार्ब्युरेटर वाचवते. पातं निवडताना: कोवळ्या गवताला नायलॉन दोरी, जाड गवताला तीन पात्यांचं, घाणेरी आणि झुडपाला ८० दातांचं. दगडाळ जागी तीन पात्यांचं पातं वापरताना पायात गमबूट आणि तोंडावर जाळी नसेल तर यंत्र हातात घेऊ नये.

पॉवर टिलर: यंत्र चांगलं, काम वेगळं

व्हीएसटी शक्ती १३० डीआय हा पॉवर टिलर भातपट्ट्यात इतका रुळलेला आहे की त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. १३ अश्वशक्ती, ६७३ सीसीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, रोटरीसकट वजन चारशे किलोंच्या आसपास, मशागतीची रुंदी ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. चिखलणीला लोखंडी चाकं लावून छोट्या खाचरात हे यंत्र जसं वळतं तसं कुठलाच ट्रॅक्टर वळत नाही. बांध ओलांडून एका खाचरातून दुसऱ्यात नेता येतं. ज्यांची मुख्य शेती भात आहे त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

पण बागेच्या हौशी मालकाने एक हिशेब करावा. दोन फुटांच्या पट्ट्याने एक एकर नांगरायचा तर पट्टे एकमेकांवर न चढवताही पावणेसात किलोमीटर चालावं लागतं, तेही चारशे किलोंचं यंत्र हँडलने सांभाळत, ढेकळांतून. साडेचार-पाच तास जातात. तरण्या गड्याला हे जमतं, पन्नाशीच्या मालकाला रविवारी दुपारी जमत नाही. दुसरी गोष्ट उताराची. पॉवर टिलर वळवताना एका बाजूचा क्लच दाबायचा असतो. सपाटीवर ज्या बाजूचा दाबला त्या बाजूला यंत्र वळतं. तीव्र उतारावरून खाली येताना मात्र वजनच यंत्राला पुढे ढकलत असतं, त्यामुळे ज्या चाकाचा क्लच सुटला ते जास्त वेगाने फिरतं आणि यंत्र उलट्या बाजूला वळतं. नवशिक्याचा गोंधळ नेमका इथे होतो. उतारावर क्लचला हात न लावता हँडल दाबूनच वळवायचं, हे गड्याला पहिल्याच दिवशी शिकवा.

गवत कापायला पॉवर टिलर घेऊ नका. त्यासाठीची जोडणी मिळते, पण झाडांच्या मधून पुढे-मागे करत कापणं फार कटकटीचं होतं.

खरी स्पर्धा: जिवो २४५ की कुबोटा बी२४४१

तीन एकरांच्या वर, चाळीस-पन्नासहून जास्त झाडं आणि जमिनीला उतार असेल तर फोर-व्हील ड्राइव्हचा २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यावा. त्याखालचे १५ अश्वशक्तीचे टू-व्हील, उदाहरणार्थ महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७, सपाट जमिनीवर आंतरमशागतीला उत्तम आहेत. दोघांचंही एका सिलिंडरचं ८६३.५ सीसीचं साधं इंजिन गावातला कुठलाही मेकॅनिक उघडतो. घाटपट्ट्यात त्यांची अडचण ताकदीची नाही, पकडीची आहे. मागे अवजार उचललेलं असताना ओल्या मुरमाच्या चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. उतरताना तर टू-व्हीलची इंजिनाची आणि ब्रेकची सगळी रोख फक्त मागच्या दोन चाकांवर असते, आणि उतारावर वजन सरकतं पुढे. फोर-व्हील लावलेला असेल तर इंजिनाची रोख चारही चाकांना मिळते. म्हणजे फोर-व्हीलचे पैसे चढण्यासाठी नव्हे, सुखरूप उतरण्यासाठी मोजायचे.

आता दोघांकडे बघू. महिंद्रा जिवो २४५ डीआयला दोन सिलिंडरचं १,३६६ सीसीचं इंजिन आहे आणि कंपनी ८६ न्यूटन-मीटर टॉर्क सांगते. कुबोटा निओस्टार बी२४४१ला तीन सिलिंडरचं १,१२३ सीसीचं. दोघांची उचलक्षमता ७५० किलो. कागदावर बरोबरी, हाताखाली फरक स्पष्ट. जिवो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ओढतो. मुरमाड जमिनीत कल्टिव्हेटर घातला, मध्येच दगड-मूळ लागलं, तरी इंजिन दबून पुन्हा सावरतं, गिअर बदलावा लागत नाही. त्याच्या बदल्यात दोन सिलिंडरची थरथर आणि आवाज जास्त. तीन तास स्लॅशर चालवल्यावर हा फरक हातांना आणि पाठीला कळतो. कुबोटा गुळगुळीत चालतो, पण ताकद हवी तर फेऱ्या वर ठेवाव्या लागतात. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरवर हात बसलेला चालक त्याला नेहमी कमी थ्रॉटलवर चालवतो आणि 'ओढत नाही' अशी तक्रार करतो.

कुबोटाचा जमेचा मुद्दा त्याचा पुढचा आस. पुढच्या चाकांपर्यंत ताकद बेव्हल गिअरने जाते, उघडा सांधा नाही. त्यामुळे चाक जास्त वळतं आणि चिखल-पाणी आत शिरायला जागा कमी. झाडांच्या ओळींत एका दमात वळता येणं म्हणजे काय, हे काजूच्या जुन्या, फांद्या खाली आलेल्या बागेत गेल्यावर समजतं. आंबा १० बाय १० मीटरवर असेल तर कुठलाही मिनी ट्रॅक्टर आरामात फिरतो, काजू सात-आठ मीटरवर असेल तरीही. सुपारी मात्र पावणेतीन मीटरवर असते. मधून ठिबकच्या नळ्या आणि पाट गेलेले असतात. तिथे यापैकी कुठलाच ट्रॅक्टर घालू नये, ग्रासकटरच बरा.

जिवोचा जमेचा मुद्दा सर्व्हिस. महिंद्राचं जाळं तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेलं आहे. कुबोटाचा विक्रेता जिल्ह्यात असतो, पण तुमच्या शेतापासून किती लांब हे नकाशावर मोजा. रस्त्याने ४० किलोमीटरच्या पलीकडे असेल तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी ऑगस्टात एका सीलसाठी पंधरा दिवस उभं राहू शकतं, आणि गवत पंधरा दिवसांत कमरेला येतं. आमचा कौल: विक्रेता जवळ असेल आणि बाग दाट असेल तर कुबोटा, मुरमाड जमीन आणि ट्रॉलीची ओढ जास्त असेल तर जिवो. दोन्ही मुद्दे निम्मे-निम्मे असतील तर जिवो घ्या, कारण दुरुस्ती हाताशी असणं ही या पट्ट्यात मोठी गोष्ट आहे.

पीटीओचा आकडा बघितल्याशिवाय अवजार उचलू नका

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा. इथे घोटाळा होतो आणि त्यात गिअरबॉक्स जातो. बहुतेक अवजारं मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. कुबोटाला ५४० आणि ९८० असे दोन वेग आहेत, जिवोला ६०५ आणि ७५०. कुबोटावर लिव्हर चुकून ९८०वर गेला आणि मागे ५४०चा स्लॅशर असेल तर पाती जवळपास पावणेदोन पट वेगाने फिरतात. त्या वेगाला पात्याची पिन तुटली तर पातं कुठल्या दिशेने जाईल याचा नेम नाही. लिव्हरच्या त्या घरावर लाल रंग लावा आणि गड्याला तो वेग वापरायचाच नाही असं सांगा. जिवोवर ६०५च ठेवा आणि थ्रॉटल पूर्ण उघडण्याऐवजी साधारण दहा टक्के खाली ठेवा. अवजार ५४०च्या जवळ येतं आणि डिझेलही वाचतं.

स्लॅशर चार फुटीच घ्या. पाच फुटी स्वस्तात मिळाला तरी २४ अश्वशक्तीला ओल्या, कमरेएवढ्या गवतात तो जड जातो, इंजिन तापतं. पाती घट्ट बोल्ट केलेली नकोत, पिनेवर झुलणारी हवीत. दगड लागला की पातं मागे दुमडतं, धक्का गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. मागच्या बाजूला साखळ्यांचा पडदा असलाच पाहिजे, नाहीतर खडा उडून शेतघराची काच फुटते किंवा माणसाला लागतो. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण अनेक जण ग्रीस घालायला अडचण होते म्हणून काढून टाकतात. फिरणाऱ्या उघड्या शाफ्टमध्ये शर्टाचं टोक किंवा पंचा अडकला तर माणूस सुटत नाही. आवरण तुटलं असेल तर नवीन लावल्याशिवाय यंत्र चालू करू नये.

वेग: चार फुटी स्लॅशरने तासाला तीन किलोमीटरने चाललं तर वळणं धरून एका एकराला दीड ते पावणेदोन तास. झाडं दाट असतील तर दोन. उतारावर आडवं कधीच कापायचं नाही, वर-खाली कापायचं. चढताना अवजार जमिनीलगत ठेवा, उचललेलं नको. उतरण्याआधी वरच थांबून खालचा गिअर टाका, आणि मध्ये क्लच दाबू नका. जांभ्यावर शेवाळ धरलेलं असेल तर त्या भागात ट्रॅक्टर नेऊच नये, तिथे फोर-व्हीलही घसरतो. चालकाच्या मागची सुरक्षा कमान (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी) फांद्यांना अडते म्हणून दुमडून ठेवायची पद्धत पडली आहे. झाडाखाली दुमडा, बाहेर आलात की लगेच उभी करा आणि सीटचा पट्टा लावा. पट्टा नसेल तर कमानीचा उपयोग नाही, कारण ट्रॅक्टर कलंडताना माणूस बाहेर फेकला जातो आणि कमानीखालीच येतो.

खोदाई: जेसीबी भाड्यानेच

बॅकहो, म्हणजे जेसीबीसारखं खोदाईचं यंत्र, विकत घेण्याचा विचार पाच एकरांवर करू नये. मिनी ट्रॅक्टरला खड्डे घेण्याचं ऑगर बसवून देतो म्हणणारे भेटतात. काळ्या किंवा तांबड्या खोल मातीत नऊ इंची ऑगर चालतो, जांभ्यात आणि कठीण मुरमात तो जागेवर फिरतो, पीटीओची शिअर पिन तोडतो आणि खड्डा होतो फूटभर. आंब्याला एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल खड्डा लागतो. १० बाय १० मीटरला एकरी ४० खड्डे. जेसीबी ३डीएक्स मुरमात तासाला दहा-बारा खड्डे काढतो, म्हणजे एकराचं काम अर्ध्या दिवसात उरकतं.

त्याचं वजन साडेसात टनांच्या घरात. फाटक दहा फुटांचं हवं आणि मे महिन्यात कोरड्या जमिनीवरच आणायचा. पावसात आणला तर चाकोरीखालची माती अशी दाबली जाते की तिथे दोन-तीन वर्षं पाणी साचतं. भाडं ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्या: तास यंत्राच्या मीटरवर मोजायचा की घड्याळावर, आणि येण्या-जाण्याचा वेळ कुणाचा. चालकाला सांगा की वरची फूटभर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. हे न सांगितल्यास सगळं एकत्र होतं आणि खड्डा भरताना चांगली माती हाताशी राहत नाही. लागती झालेल्या बागेत मोठा जेसीबी नको, तीन टनांचा छोटा एक्स्कॅव्हेटर मागवा. दर तासाला कमी खोदतो, पण फांद्या आणि मुळं शाबूत राहतात.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर बोलणी करू नका. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज आधी, खरेदी नंतर. सात-बारा आणि आठ-अ अर्जदाराच्या नावावर हवेत, शेतकरी ओळख क्रमांक हवा. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान मिळत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

वापरलेला घ्यायचा असेल तर यंत्र थंड असताना जा. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळं लपवतं. सुरू झाल्यावर ऑइलच्या झाकणातून धूर फुकफुक करत येतो का बघा, येत असेल तर रिंगा गेल्या. मागे अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. अवजार हळूहळू खाली बसलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार. पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवा, खडखड झाली तर आसाचा खर्च धरा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आल्याशिवाय पैसे देऊ नका.

उभं राहून बिघडणारं यंत्र

हौशी शेतीतला ट्रॅक्टर झिजून मरत नाही, उभा राहून मरतो. वर्षाला जेमतेम ८०-१०० तास चालतो, म्हणून '२५० तासांनी ऑइल' या हिशेबाने अडीच-तीन वर्षं ऑइल बदललंच जात नाही. ते वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर बदलायचं, मीटर काहीही दाखवो.

सर्वांत जास्त दिसणारा बिघाड क्लचचा आहे. जून ते ऑगस्ट दमट हवेत ट्रॅक्टर तीन-चार आठवडे न हलता उभा राहिला की क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल खाली जातं, पण गिअर पडत नाही, किर्र आवाज येतो. मग ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो आणि दोन दिवस जातात. उपाय फुकटचा आहे: जाताना पेडल पूर्ण दाबून त्याची कडी लावा, कडी नसेल तर पेडल आणि सीटच्या मध्ये मापाची लाकडी फळी अडकवा. त्या फळीला दोरीने चावी बांधून ठेवा, म्हणजे फळी काढल्याशिवाय कुणी ट्रॅक्टर सुरू करणार नाही.

डिझेलची टाकी पावसाळ्यात काठोकाठ भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत हवा गार होऊन पाणी धरतं आणि ते तळाशी बसतं. फिल्टरखालच्या पाणी काढायच्या नळीतून दर पंधरवड्याला चमचाभर सोडून बघा, थेंब गोळ्यासारखे वेगळे दिसले तर पाणी आहे. बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेवा. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडंच ठेवा, उजेड आणि वारा असेल तिथे ते बसत नाहीत. स्लॅशरच्या पात्यांच्या मुळाशी, सीलपाशी ठिबकची नळी किंवा नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते, ती सुरीने कापून काढा. ती राहिली तर सील फाटतं, ऑइल गळून जातं आणि गिअरबॉक्स कोरडा चालतो. दर वापरानंतर स्लॅशर उचलून खाली एकदा बघायचं, उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळे ठेवूनच.